पाखरांसाठी कपबशा

"धार तोडू नकोस," राजवाडेबाई म्हणाल्या. "चिनी माती तापली की तडकते."

मी तांब्यातून बशीवर पाण्याची बारीक धार धरून होते. बशी ओल्या फडक्यावर पालथी ठेवलेली. बाई हाताने फिरवायच्या ड्रिलने तिच्या काठाला भोक पाडत होत्या आणि भोकातून दुधासारखं पांढरं पाणी वाहत होतं. पडवीत बसलेल्या बाकीच्या बायका बोलायच्या थांबल्या होत्या. याआधीच्या दोन बशा अशाच अगदी शेवटी दुभंगल्या होत्या.

ड्रिल आरपार गेलं. बाईंनी बशी उचलून उजेडात धरली, भोकातून माझ्याकडे बघितलं आणि म्हणाल्या, "दिसतेस."

सगळ्या हसल्या. मी आईकडे वळले, तर आई तिथे नव्हती. ती मागे विहिरीजवळच्या डोणीपाशी आमच्या शेजारच्या रझियाभाभींबरोबर कप विसळत उभी होती. म्हणजे विसळत होत्या भाभी. आईचे हात पाण्यात तसेच थांबले होते. भाभी खाली मान घालून काहीतरी सांगत होत्या. मग आईने हात पदराला पुसले, पडवीच्या पायरीपाशी आली आणि म्हणाली, "बाई, मी घरी जाऊन येते जरा."

"काही राहिलं का?"

"कप राहिलेत आणायचे."

देवरुखला आमच्या गल्लीच्या टोकाला राजवाडेबाईंचं घर होतं. बाई मुलींच्या शाळेत चित्रकला शिकवून निवृत्त झाल्या होत्या, पण शिकवल्याशिवाय त्यांना चैन पडत नसे. म्हणून दर बुधवारी दुपारी, जेवणं आटोपून भांडी झाली की आजूबाजूच्या बायका त्यांच्या पडवीत जमत. त्यांनी करवंट्यांचे दिवे केले, जुन्या साड्यांच्या गोधड्या शिवल्या, एकदा नारळाच्या काथ्याचे हत्ती केले. ते कुणालाच हत्ती वाटले नाहीत. त्या वर्षी बाईंनी कुठल्याशा मासिकात पाखरांना दाणे घालायच्या कपबशांचं चित्र बघितलं होतं. बशीवर कप चिकटवायचा, बशीच्या काठाला तीन भोकं पाडून त्यांतून पितळी साखळ्या ओवायच्या आणि झाडाला टांगायचं. कपात दाणे, बशीचा काठ पाखराला बसायला. गावच्या वाचनालयाच्या आवारात मोठं बकुळीचं झाड आहे, त्याला या टांगायच्या असं ठरलं. प्रत्येकीने घरातले कान तुटलेले कप, जोडी फुटलेल्या बशा आणायच्या होत्या. साळवीकाकू तर इतक्या घेऊन आल्या की बाईंनी विचारलं, "तुमच्याकडे चहा पितात की कप फेकून मारतात?"

मी बी. कॉम. होऊन घरी बसले होते, म्हणून आईबरोबर जायची. ते दिवस मला अजून आवडतात. पडवीत शेणाने सारवलेल्या जमिनीचा गारवा असे, बाईंचा ट्रान्झिस्टर हळू आवाजात चालू असे आणि आमसुलाच्या सरबताचा जग रिकामा होईपर्यंत कुणीही घड्याळाकडे बघत नसे.

आई परत आली तेव्हा तिच्या हातात वेताची टोपली होती. टोपलीवर टॉवेल. तिने तो काढला आणि मला आधी खरंच वाटेना. आत आमचा मस्कतचा टी-सेट होता.

पांढऱ्यावर निळी फुलं, सोनेरी काठ. बाबांनी मस्कतहून पाठवलेला. मी दहावीत असताना रझियाभाभींचे यजमान, इब्राहिमभाई मुकादम, सुट्टीवर आले तेव्हा तो मांडीवर धरून घेऊन आले होते. तेव्हापासून तो आमच्या बाहेरच्या खोलीतल्या काचेच्या कपाटात होता. घरात पाऊल टाकणाऱ्याची नजर पहिल्यांदा त्याच्यावरच जायची. "काय सुंदर सेट आहे," असं कुणी म्हणालं की आई म्हणायची, "ह्यांनी पाठवला. मस्कतला असतात ना." त्यातून चहा मात्र कुणालाच मिळाला नव्हता. पुसून परत ठेवायचं काम माझं.

"अगं कुमुद," साळवीकाकू म्हणाल्या, "हा तर शेट्येभावोजींचा सेट. आणि येत्या रविवारी पाहुणे यायचेत तुमच्याकडे."

"पाहुण्यांना चहा प्यायला कप आहेत घरात," आई म्हणाली.

"पण फुटका नाही, काही नाही. असा कसा..."

"पाखरांनी फुटक्यातच का खायचं?"

मी आईला बाजूला घेतलं. "आई, काय झालंय तुला?"

"सँडपेपर दे इकडे," ती म्हणाली.

चिनी माती जोडायचा पक्का डिंक धरायला हवा तर कपाच्या बुडाची चकाकी घासून काढावी लागते. आईने एकेक कप मांडीत पालथा घेतला आणि घासू लागली. इतकी वर्षं ज्याला नखाचा ओरखडा उठू दिला नव्हता, त्यावर सँडपेपरची करकर चालू झाली. मी रागाने आत जाऊन बाईंच्या स्वयंपाकघरात पाणी प्यायले. बाहेर आले तेव्हा आईने ड्रिल स्वतः हातात घेतलं होतं आणि रझियाभाभी धार धरत होत्या. भाभींचे डोळे लाल झाले होते. आईची एकही बशी तडकली नाही.

रविवारी येणारे पाहुणे म्हणजे चिपळूणचे रेडीज. त्यांचं बाजारपेठेत हार्डवेअरचं दुकान होतं. मुलाचं नाव गिरीश. चिपळूणला मी कॉम्प्युटरच्या क्लासला जात होते तेव्हा तो तिथेच होता. आमचं बोलणं झालं ते एवढंच, की एकदा माझी एस.टी. चुकली आणि पुढची येईपर्यंत तो स्टँडवर थांबला. पण पुढे त्यांच्याकडूनच साळवीकाकूंमार्फत विचारणा आली, तेव्हा हे काही आपोआप झालेलं नाही हे मला समजलं होतं. पत्रिका जुळल्या होत्या. आता फक्त येऊन बघून जायचं होतं. म्हणून तर तो सेट रविवारी निघेल असं मी धरून चालले होते. बाबांचं घरात असणं म्हणजे तो सेट होता.

बाबांबद्दल आम्ही फारसं बोलत नसू. त्यांच्या कंपनीने पासपोर्ट अडकवून ठेवलाय, म्हणून येता येत नाही, एवढं मला माहीत होतं. दिवाळीला फोन यायचा. आई दोन वाक्यं बोलून रिसीव्हर माझ्याकडे द्यायची. "अभ्यास कर," बाबा म्हणायचे, मी बी. कॉम. झाल्यावरही तेच म्हणाले. फोन इतका स्वच्छ कसा ऐकू येतो, असा प्रश्न मला कधी पडला नाही. किंवा पडला असेल आणि मी तो तिथेच सोडला असेल.

बुधवार ते शनिवार मी आईशी कामापुरतंच बोलले. शनिवारी दुपारी ती म्हणाली, "चल, डिंक वाळला असेल. साखळ्या ओवायच्यात."

बाई झोपल्या होत्या. पडवीत आम्ही दोघीच. कपबशा ओळीने मांडलेल्या होत्या, इतरांच्या रंगीबेरंगी आणि आमच्या निळ्या फुलांच्या. आईने एक बशी पुढे ओढली, भोकात कडी अडकवली आणि माझ्याकडे न बघता बोलायला सुरुवात केली.

"रेडीजांचे काका रझियाकडे गेले होते. चौकशीला. त्यांना कळलं होतं की तिचे मिस्टर मस्कतला असतात. शेट्ये तिकडे कसे आहेत, माणूस कसा आहे, असं विचारत होते."

"मग? विचारणारच."

"रझियाने सांगितलं, चांगले आहेत. गेल्याच महिन्यात इब्राहिमभाईंना भेटले म्हणून सांगितलं." आईने पक्कडीने कडी दाबून बंद केली. "तुझे बाबा तिथे नाहीत, हेमा. तू अकरावीत गेलीस त्या वर्षीच परत आले. विरारला असतात."

मला आधी वाटलं, विरारला असतात म्हणजे आता येतील. माणसाचं डोकं कसं चालतं बघा.

"मग घरी का आले नाहीत?"

"घरीच आहेत ते."

आई पुढची बशी घेऊन बसली. तिचा आवाज नेहमीसारखाच होता, भाजीचं सांगावं तसा.

"इब्राहिमभाईंनी रझियाला फोनवर सांगितलं की शेट्ये नोकरी सोडून इंडियात गेले. तिने मला सांगितलं. मग माझ्या मुंबईच्या दादाने शोधून काढलं. तुला आठवतं, मी मावशीच्या सुनंदाच्या लग्नाला गेले होते? लग्न नव्हतं कुणाचं. मी विरारला गेले होते."

"बाबा भेटले?"

"दार त्यांनीच उघडलं. मागे एक छोटी मुलगी उभी होती. ते बिचकले, पण या म्हणाले. मला, या म्हणाले. मी बसले. आत बाई होती, तिने चहा करून आणला." आई थांबली. हातातली बशी तिने खाली ठेवली. "ह्याच कपातून. हीच फुलं, हाच काठ. तिच्या फळीवर रोजच्या वापराला होता तो. दोन कपांचे कान गेलेले. दुकानातून घेताना दोन सेट घेतले असतील. एक इकडे पाठवला, एक स्वतः घेऊन आले."

विहिरीच्या रहाटावर एक साळुंखी येऊन बसली होती. मी तिच्याकडे बघत राहिले, कारण आईकडे बघवेना.

"तू प्यायलीस?" मी विचारलं.

"प्यायले. तिने केला होता. तिला कुठे माहीत होतं मी कोण. ओळखीच्या म्हणून सांगितलं त्यांनी."

"आणि घरी येऊन तू तो सेट परत मला पुसायला लावलास."

"तुझं लग्न व्हायचं होतं. वाटलं, तोवर राहू दे कपाटात. मग काय ते होईल. माझं खोटं होतं, मी सांभाळत होते. आता तेच खोटं रझियाला सांगावं लागलं. पाच वेळा नमाज पढणारी बाई ती. दोन रात्री झोपली नाही म्हणाली. उद्या तुझ्या लग्नानंतर ते उघडं पडलं, तर रेडीज तिच्या दारात जातील. माझ्या नाही." आईने पहिल्यांदा माझ्याकडे बघितलं. "मी उद्या त्यांना खरं सांगणार आहे. तुला नको असेल तर आत्ता सांग. येऊ नका म्हणून निरोप पाठवते. खोटं सांगून मात्र आता मला जमायचं नाही."

मी साखळी ओवत राहिले. मला खूप राग आला होता, पण तो कुणाचा, हे नीट कळत नव्हतं. गिरीश स्टँडवर उभा राहिलेला सारखा डोळ्यांपुढे येत होता. घरी निघताना आईने विचारलं, "मग?" मी म्हटलं, "पोह्यांना ओलं खोबरं लागेल. नारळ सोलून ठेवते."

रविवारी ते चौघं आले. गिरीश, त्याचे आईवडील आणि चौकशीला आलेले ते आप्पाकाका. काचेच्या कपाटातली मधली फळी रिकामी होती. आईने तिथे काहीच ठेवलं नव्हतं. चहा रोजच्या कपांतून दिला, दोन पिवळे, बाकी तपकिरी पट्ट्यांचे. गिरीशच्या आईने पोहे छान झालेत म्हणून सांगितलं, मला काय काय येतं ते विचारलं, आणि मी कॉम्प्युटरवर हिशेब करू शकते हे ऐकून गिरीशचे वडील त्याच्याकडे बघून हसले. सगळं इतकं सोपं चाललं होतं की मला वाटलं, आई विसरली असेल तर बरं.

मग आप्पाकाका म्हणाले, "वहिनी, राग मानू नका, पण आम्ही मुकादमांकडे विचारलं होतं. रीत असते. शेट्येसाहेबांबद्दल चांगलंच कळलं. लग्नाला सुट्टी काढून येतील ना?"

आईने कप खाली ठेवला. पदर खांद्यावर नीट केला. "ते," ती म्हणाली, आणि थांबली. "ते मस्कतला..."

मी तिच्याकडे बघितलं. तिला ते म्हणायचं नव्हतं. इतकी वर्षं म्हणून म्हणून तो शब्द आपल्या पायांनी बाहेर आला होता. तिने पुन्हा तोंड उघडलं, पण आवाजच फुटेना. सगळे वाट बघत होते. गिरीशची आई काळजीने म्हणाली, "पाणी हवं का?"

"बाबा मस्कतला नाहीत," मी म्हणाले.

माझा आवाज मलाच मोठा वाटला.

"विरारला असतात. तिथे त्यांचं दुसरं घर आहे. बायको आहे, मुलगी आहे. ते लग्नाला येणार नाहीत."

आप्पाकाका म्हणाले, "पण मुकादमबाई तर..."

आता आईला आवाज सापडला. "त्यांचा काही दोष नाही. इतकी वर्षं मी सगळ्यांना तेच सांगत आले, म्हणून त्यांना सांगावं लागलं. त्यांच्याबद्दल मनात काही ठेवू नका, एवढी विनंती आहे. आमच्याबद्दल काय ठेवायचं ते तुम्ही बघा."

"हे आधी सांगायला हवं होतंत," गिरीशचे वडील म्हणाले. ते रागावले नव्हते. दुकानात माल दुसराच निघाल्यावर बोलतात, तसं बोलले.

"हो," आई म्हणाली. "हवं होतं."

गिरीशच्या आईने चहा संपवला. सगळ्यांत शेवटी त्या उठल्या, आणि दारात आईला म्हणाल्या, "एकटीने वाढवलीत हिला." मग चपला शोधू लागल्या. गिरीश अंगणातून एकदा मागे वळला. मी दारातच होते. तो काहीतरी बोलणार असं वाटलं, तेवढ्यात वडिलांनी गाडी सुरू केली.

आठवडाभराने साळवीकाकूंकडे निरोप आला की पत्रिकेत नाडीचा दोष निघालाय. खोटं कशाला सांगू, मी दोन दिवस जेवले नाही. पुढच्या वर्षी मला रत्नागिरीला नोकरी लागली आणि तिथे माझं लग्न झालं, अशा माणसाशी, ज्याला मी पहिल्याच भेटीत विरार सांगून टाकलं होतं. त्याने विचारलं होतं, "ती मुलगी आता केवढी असेल?" तोवर हा प्रश्न मला कुणीच विचारला नव्हता.

कपबशा बकुळीला टांगल्या गेल्या. महिनाभर फक्त खारी आल्या आणि तांदूळ खाऊन गेल्या. राजवाडेबाई रोज संध्याकाळी जाऊन बघायच्या आणि रागाने परत यायच्या. मग एकदा बुलबुलांची जोडी आली, मागून चिमण्या. बाबांचा दिवाळीचा फोन आला तेव्हा आईने रिसीव्हर माझ्याकडे दिला नाही. "हेमाला सगळं माहीत आहे," एवढं म्हणाली आणि ठेवला.

पण मला सगळ्यांत जास्त आठवते ती त्या रविवारचीच संध्याकाळ. पाहुण्यांच्या बशा तशाच पडल्या होत्या. आम्ही दोघी स्वयंपाकघरात नुसत्या बसून होतो. मागच्या दाराने रझियाभाभी आल्या. गाडी गेलेली त्यांनी बघितली होती.

"काय झालं, कुमुद?"

"हेमाने सांगितलं त्यांना. खरं."

भाभी उंबऱ्यावर बसल्या. डोक्यावरची ओढणी त्यांनी तोंडाशी धरली आणि रडल्या. "माझ्यामुळे पोरीचं..."

"तुझ्यामुळे नाही," आई म्हणाली. "आत ये. चहा टाकते."

आईने पातेलं ठेवलं, आलं ठेचलं. पाणी उकळू लागलं. मग पाठमोरीच असताना आईने विचारलं, "इब्राहिमभाई कसे आहेत?"

भाभींनी मान वर केली. त्या आईकडे असं बघत राहिल्या, की मी विचार करू लागले, यात एवढं काय आहे. आणि मग लक्षात आलं, की आईने हे इतक्या वर्षांत कधीच विचारलं नव्हतं. मस्कतची गोष्ट निघू नये म्हणून. आणि भाभीही आमच्या घरात त्यांचं नाव काढत नसत. ते सुट्टीवर यायचे तो महिनाभर त्या बुधवारी यायच्याच नाहीत, आणि आम्ही म्हणायचो, घरी काम असेल.

"बरे आहेत," भाभी अडखळत म्हणाल्या. "गुडघे दुखतात म्हणतात. जिना चढायचा असतो ना रोज."

"तेल लावतात का?"

"कुठलं? लावायला सांगितलं की म्हणतात, खोलीतल्या दुसऱ्या माणसाला वास येतो. आणि तो माणूस स्वतः इतका घोरतो, की हे कानात कापूस घालून झोपतात आणि सकाळी गजर ऐकू येत नाही."

आई हसली. भाभीही हसल्या, मग डोळे पुसले, आणि पुन्हा बोलू लागल्या. इब्राहिमभाईंना तिकडे फणसाचा वास आल्याचा भास होतो. त्यांनी खोलीत कढीपत्त्याचं रोप लावलंय आणि त्याच्याशी बोलतात. फोनवर आधी कोंबड्यांची चौकशी करतात, मग बायकोची. आई मधेमधे विचारत होती आणि भाभी सांगत होत्या, जणू कुणी बऱ्याच वर्षांनी बाहेरगावाहून आलं होतं. अंधार पडायला आला तरी कुणी दिवा लावायला उठलं नाही. मीच एकदा उठून चहा पुन्हा गरम केला.

इब्राहिमभाई दर शुक्रवारी फोन करतात आणि अर्धा तास बोलतात, हे मला त्या संध्याकाळी कळलं. आमच्या आणि त्यांच्या घरांमध्ये फक्त एक गुडघाभर उंचीचा दगडांचा गडगा होता.